बिअर सात युरोची, उतरणं कितीचं?

आल्प्समधल्या स्की-रिसॉर्टवर ‘रात्र’ सुरू होते दुपारी साडेतीनला. हे ठाऊक नसलं की पुढचे सगळे हिशेब चुकतात. आपल्याकडे बाहेर पडायचं म्हणजे आठ-नऊनंतर. तिथे चार-साडेचारला लिफ्ट बंद व्हायला लागतात, ऊन डोंगराआड जातं आणि माणसं स्कीचे जड बूट पायात तसेच ठेवून उताराकडेच्या बारमध्ये शिरतात. या प्रकाराला ‘अप्रे-स्की’ म्हणतात. साडेपाचला टेबलांवर नाच रंगलेला असतो, आठच्या सुमाराला गाणी आटोपतात, आणि बरीच मंडळी साडेनऊला अंथरुणात असतात. उरलेली गावातल्या पबमध्ये दुसरा डाव मांडतात.

गेलातच तर किती पैसे लागतील, कुठे वाचतील आणि कुठे नकळत निसटतील, ते इथे मांडतो आहे. उदाहरणाला एकच गाव घेतलंय: ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातलं सांक्ट आन्टोन. १,३०४ मीटर उंचीवरचं हे गाव स्कीच्या इतिहासात मोठं आहे. इथल्या आर्लबर्ग भागाचा स्की-क्लब १९०१ सालचा, स्की-शिक्षक हानेस श्नायडरची स्की-शाळा १९२१ची, आणि २००१ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली. पण आजकाल अर्ध्या युरोपातली तरुण मंडळी या गावाचं नाव घेतात ती उतारावरच्या दोन बारसाठी, मूझरविर्ट आणि क्रेझी कांगुरू. म्युनिक, स्टुटगार्टकडे नोकरीला असलेली मराठी मुलंही कार काढून इकडे येतात, आणि कधी कधी भारतातून आलेल्या भावंडांना, मित्रांना घेऊन येतात. त्यांच्यासाठी हा हिशेब.

एक युरो म्हणजे शंभर रुपये धरून चाला. बँक थोडं जास्तच कापेल, पण तोंडी हिशेबाला हे बरं पडतं. पुढचे दर अलीकडच्या हंगामांतले, ढोबळ आहेत. फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्टीत त्यांना आणखी पाय फुटतात.

अर्धा लिटर बिअर साडेसहा ते आठ युरो. मसाल्याची गरम वाइन पाच ते सात. नाशपातीच्या श्नाप्सचा किंवा येगरमायस्टरचा छोटा पेला चार ते पाच. हे आकडे पाहून पहिल्यांदा जीव घाबरा होतो, पण खरं सांगायचं तर संध्याकाळ यांनी महाग होत नाही. ज्याने दिवसाचा स्की-पास ८० युरोच्या वर मोजून घेतलाय, त्याला दोन बिअर जड नाहीत. महाग पडतं ते उतरणं.

हे दोन्ही बार गावात नाहीत, गावाच्या डोक्यावर, उताराच्या शेवटच्या टप्प्यात आहेत. दिवसभर स्की करून माणूस तिथे थांबतो आणि प्यायल्यावर, अंधारात, तोच उरलेला उतार स्कीवरून उतरून घरी जातो. वर्षानुवर्षं हजारो लोक हे करत आले आहेत, त्यात मजा मानतात, आणि तुमच्या गटातला कोणीतरी ‘काय होतंय, पाच मिनिटांचं तर आहे’ असं म्हणणारच. त्याला एक गोष्ट सांगायची. सायंकाळी उतार बंद झाला की त्यावर बर्फ सपाट करणारी अजस्र यंत्रं फिरू लागतात. चढ तीव्र असेल तिथे यंत्र वर एका खांबाला पोलादी तारेने बांधलेलं असतं आणि ती तार गुंडाळत, सोडत ते काम करतं. ही तार बोटाएवढी जाड आणि कित्येकशे मीटर लांब. कधी ती बर्फावर सैल पडलेली असते, तर पुढच्या क्षणी ताणून छातीच्या उंचीवर येते. अंधारात ती दिसत नाही. यंत्राचे दिवे खूप खाली किंवा खूप वर लुकलुकत असतात, त्यामुळे मधल्या तारेचा कोणालाच अंदाज येत नाही. आल्प्समध्ये या तारांनी माणसं मेलेली आहेत. शिवाय उतार बंद झाल्यावर गस्त घालणारी माणसंही घरी गेलेली असतात. पडलात तर कोणी मागून येत नाही.

म्हणून बारमध्ये शिरण्याआधी, पहिली बिअर मागवण्याआधी, खाली कसं जायचं ते ठरवा. तीनच चांगले पर्याय आहेत. पहिला, एक पेला घेऊन उतार बंद व्हायच्या आत, उजेडात खाली या आणि उरलेली संध्याकाळ गावात घालवा. याला काही पैसे पडत नाहीत. गालत्सिगच्या लिफ्टच्या पायथ्याशी, अगदी गावाच्या पातळीवर, ‘बेसकॅम्प’सारखे बार आहेत, तिथे गर्दी आणि गाणी तीच मिळतात. दुसरा, पाठपिशवीत साधे बूट ठेवा आणि रस्त्याने चालत उतरा. तिसरा, टॅक्सी, चौघांत वाटली तर माणशी साधारण एका बिअरची किंमत. टॅक्सीवाल्याचा नंबर दुपारीच फोनमध्ये घालून ठेवा, कारण आठला सगळ्यांनाच तो हवा असतो. आणि फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेजवळ ठेवा. थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते.

आता ‘महाग’ म्हणजे किती, ते पाहू. ऑस्ट्रियात डोंगरावर स्की करताना पाय मोडला आणि हेलिकॉप्टर आलं, तर त्याचं बिल जखमी माणसाच्या नावाने येतं. ते काही हजार युरोंचं असतं, म्हणजे रुपयांत लाखांच्या घरात. शेन्गेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, आणि लोक समजतात की झालं, आता आपण सुरक्षित. ती पॉलिसी एकदा उघडून वाचा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांमध्ये स्कीसारखे खेळ वगळलेले असतात. त्यांच्यासाठी जादा हप्ता भरून वेगळं कलम घ्यावं लागतं. ते घेतलं तरी ‘मद्याच्या अमलाखाली झालेली दुखापत’ हे वाक्य वगळलेल्या गोष्टींच्या यादीत जवळपास नेहमीच सापडतं. बंद उतारावर गेलात तर कंपनीच्या हातात आणखी एक कारण पडतं. म्हणजे दोन बिअर पिऊन अंधारात खाली घसरणारा माणूस खरं तर विनाविमा घसरत असतो.

युरोपात राहणाऱ्यांसाठी एक स्वस्त उपाय आहे. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं, म्हणजे तिथल्या आल्पेनफेरायनचं, सदस्यत्व वर्षाला शंभर युरोच्या आत पडतं आणि त्यात डोंगरातून सुटकेच्या खर्चाला २५,००० युरोपर्यंत संरक्षण असतं. अटी तिथेही आहेत, त्या वाचूनच घ्या. पण केवळ हेलिकॉप्टरच्या भीतीसाठी एवढं करायला हरकत नाही. डोंगरातल्या आपत्तीसाठी ऑस्ट्रियात १४० हा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेला १४४, आणि काहीच आठवलं नाही तर युरोपभर चालणारा ११२. ‘एसओएस ईयू आल्प’ हे ॲप टिरोल, दक्षिण टिरोल आणि बव्हेरियात चालतं, तुमचं ठिकाण थेट नियंत्रण कक्षाला कळवतं, आणि फुकट आहे.

प्यायल्यावर थंडी वाजत नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून ऊब जाणवते, पण तीच ऊब अंगातून बाहेर निघून जात असते. बारमध्ये घामाने भिजलेला शर्ट, बाहेर उणे दहा, आणि जाकीट कुठल्या खुंटीवर टांगलंय ते आठवत नाही, हा प्रकार दर हंगामात घडतो. जाकीट ठेवायला काही ठिकाणी दोन-तीन युरो घेतात. बिनतक्रार द्या.

बूट हा दुसरा विषय. स्कीचा बूट म्हणजे अर्ध्या नडगीपर्यंतचं प्लॅस्टरच. त्यात सरळ चालणं कठीण, आणि या बारमधली स्वच्छतागृहं बहुतेकदा तळघरात, ओल्या पायऱ्या उतरून. नाचताना कोणी फारसं पडत नाही, या पायऱ्यांवर मात्र पडतात. तेव्हा साध्या बुटांचं वजन पाठीवर वागवणं फायद्याचंच. शेजारच्या खोऱ्यातल्या इशगलमध्ये तर रात्री आठनंतर गावात स्कीचे बूट घालून हिंडायलाच बंदी घातलेली आहे. हे तेच इशगल, जिथल्या एका बारमधल्या कर्मचाऱ्याला मार्च २०२० मध्ये कोविड निघाला आणि तिथे येऊन गेलेल्या पाहुण्यांबरोबर तो युरोपभर पसरला. १३ मार्चला इशगलचं पात्सनाउन खोरं आणि सांक्ट आन्टोन दोन्ही विलगीकरणात गेली. दाटीवाटीच्या बारमध्ये सर्दी-खोकला आजही तसाच पसरतो. सात दिवसांच्या सहलीतले तीन दिवस तापात काढले, तर वाया गेलेल्या स्की-पासचे पैसे कोणी परत देत नाही.

स्की बाहेर रॅकमध्ये लावून आत जावं लागतं, आणि तिथे शेकडो जोड एकाच रंगाचे. चोरीपेक्षा अदलाबदल जास्त होते. झिंगलेला माणूस चुकीचा जोड उचलून जातो. जुनी युक्ती अशी: तुमची एक स्की आणि मित्राची एक, अशी मिश्र जोडी करून दोन वेगळ्या जागी ठेवा. बेजोड स्की कोणी नेत नाही. भाड्याच्या स्कीवर दुकानदार चोरी-मोडतोडीचा छोटा विमा देतो, तो घ्या. भरपाई मागताना पोलिसांकडची तक्रार लागते, तेवढं लक्षात असू द्या.

खाण्यापिण्याच्या खर्चात सगळ्यात जास्त पैसे जिथे वाया जातात ती गोष्ट फार कोणी सांगत नाही. तिथली बरीच हॉटेलं नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून खोली देतात. जेवणाची वेळ असते साडेसहा ते साधारण साडेआठ. म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा तुम्ही वर टेबलावर उभे आहात. माणशी तीस-चाळीस युरोचं, चार-पाच पदार्थांचं, आधीच पैसे भरलेलं जेवण हुकतं, आणि मग दहा वाजता पंधरा युरोचा पिझ्झा शोधत फिरायची वेळ येते. दोघांनी आठवड्यात तीनदा हे केलं की पिझ्झा धरून २७० ते ३३० युरो गेले. रोज धिंगाणा करायचा बेत असेल तर फक्त नाश्त्याची खोली घ्या. जेवणासकट घेतली असेल तर सातला हॉटेलात हजर राहा. नाच साडेपाचलाही तेवढाच होतो.

अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांनी दोन नावं पाठ करून जावीत. केझश्पेट्सले, म्हणजे चीज आणि तळलेल्या कांद्यातल्या मऊ पिठाच्या गोळ्या, चौदा ते अठरा युरो, आणि त्यात पोट गच्च भरतं. कायझरश्मार्न हा फाडलेला गोड पॅनकेक, सोबत आलुबुखारचा मुरांबा; दोघांत एक पुरतो. सूपच्या बाबतीत मात्र सावध. गुलाश सूप गोमांसाचं असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण फ्रिटाटनझुप्पं, ज्यात पॅनकेकच्या बारीक पट्ट्या तरंगत असतात आणि जे दिसायला अगदी निरुपद्रवी, त्याचं पाणीही सहसा गोमांसाचंच. चीजचे गोळे घातलेलं सूपही तसंच. ‘शाकाहारी आहे का’ एवढं विचारून भागत नाही, ‘रस्सा कशाचा’ असं विचारा.

न पिणाऱ्यांची तिथे पंचाईत होते असं वाटत असेल तर तसं नाही. ‘श्कीवासर’ म्हणजे रासबेरीचं सरबत, लिंबू आणि पाणी. लालभडक रंगाचा मोठा पेला, चार-पाच युरोत. अल्मडुडलर हे वनौषधींच्या चवीचं थंड पेय तिथे लहानथोर सगळे पितात. बिनमद्याची बिअर सगळीकडे मिळते, आणि अर्धी बिअर अर्धं लिंबूपाणी असलेलं ‘राडलर’ हा ज्यांना हातात पेला हवा पण चढायला नको त्यांचा मधला मार्ग. उलट ‘यागाटे’ या पेयात चहा असतो म्हणून आपली माणसं हमखास फसतात. त्या चहात ऑस्ट्रियन रम ओतलेली असते, आणि त्या रमचा एक प्रकार तब्बल ८० टक्क्यांचा आहे. वाफाळता गोड पेला थंडीत घटाघटा जातो. एक पुरे.

नळाचं पाणी उत्तम असतं. हॉटेलच्या खोलीतल्या बेसिनचं पाणी बाटलीत भरून घ्या. बारमध्ये बाटलीबंद पाण्याला चार-पाच युरो मोजणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. बिअर खोलीवरच प्यायची असेल तर एमप्राइस किंवा श्पारच्या दुकानात डबा दीड युरोच्या आसपास मिळतो, वर २५ सेंट अनामत. ही पद्धत जानेवारी २०२५पासून सुरू झाली. रिकामा डबा दुकानातल्या यंत्रात टाकला की पैसे परत. दुकानं संध्याकाळी सातच्या सुमाराला बंद होतात, तेव्हा खरेदी लिफ्टवरून उतरल्या उतरल्या.

मित्रांच्या गटाला सगळ्यात मोठा खड्डा पाडते ती पाळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची रीत. चौघे असाल तर कोणालाही चार पेले घेतल्याशिवाय उठता येत नाही, कारण शेवटच्या माणसाची पाळी राहिलेली असते. सहा जण असाल तर सहा. मग कोणीतरी उत्साहाने दहा श्नाप्सचा ट्रे मागवतो, चाळीस-पन्नास युरो एका झटक्यात, आणि त्यातले चार पेले शेजारच्या डच टेबलाकडे जातात. पाळी नाकारणं अवघड वाटत असेल तर सुरुवातीलाच माणशी तीस युरो काढून एकाच्या हातात द्या. ते संपले की निघायचं. चारचौघांत हे सांगायला थोडं धैर्य लागतं खरं, पण सांगणाऱ्याचे आभार दुसऱ्या दिवशी सगळेच मानतात.

एका संध्याकाळचा माणशी ढोबळ आकडा येतो तो असा. दोन बिअर, एक सरबत, हॉटेलातलं ठरलेलं जेवण: वीस युरोच्या आसपास. दोन बिअर, दोन श्नाप्स, बाहेर पिझ्झा, टॅक्सीचा वाटा: पंचेचाळीस ते पंचावन्न. पाळ्या, ट्रे, मग गावातला पब, त्यानंतर क्लब, हुकलेलं जेवण: शंभराच्या पुढे, आणि त्या मापाने किती पुढे ते ज्याचं त्याला सकाळी कळतं. वरची रक्कम पाच-दहा टक्के गोल करून देण्याचा रिवाज आहे. ती टेबलावर ठेवून न जाता बिल देतानाच सांगायची.

रोख रक्कम जवळ ठेवा, डोंगरावरच्या काही जागी कार्ड चालत नाही. कार्डाच्या यंत्राने किंवा एटीएमने ‘रुपयांत द्यायचे की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर यंत्रवाला ठरवतो, आणि तो तुमच्या फायद्याचा कधीच नसतो. चार पेल्यांनंतर हे बटण चुकतंच, म्हणून पैसे दिवसा, एखाद्या बँकेच्या एटीएममधून काढून ठेवा.

दुसऱ्या दिवसाचं गणितही आदल्या संध्याकाळीच करायला हवं. अर्ध्या लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर सहसा तासाला सात-आठ ग्रॅमच्या पलीकडे निकाली काढत नाही. कॉफी, बर्फाने तोंड धुणं, गार हवा, कशानेही हा वेग वाढत नाही. दुपारी चारला सुरुवात करून रात्रीपर्यंत सहा मोठे पेले घेतले, तर ते सकाळी सात ते नऊच्या दरम्यान संपतात. लिफ्ट सुरू होतात साडेआठला. स्की करणाऱ्याला ऑस्ट्रियात रक्तातल्या मद्याची ठरावीक कायदेशीर मर्यादा नाही, पण कोणाला धडकलात तर प्यायलेलं असणं न्यायालयात आणि विमा कंपनीकडे तुमच्या विरोधात जातं. सीमेपलीकडे इटलीत नियम कडक आहेत: २०२२पासून उतारावर जाणाऱ्याला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि पिऊन स्की करणं हा दंडाचा गुन्हा आहे.

कार चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.५ प्रति हजार, नवशिक्या परवानाधारकाला ०.१, आणि ०.५ ओलांडल्यावर दंड ३०० युरोपासून सुरू. रात्री प्यायलेल्या माणसाला सकाळी दहाला हॉटेल सोडून म्युनिकचा रस्ता धरायचा असतो, तेव्हा हाच नियम त्याला आडवा येतो. गटात एक न पिणारा सारथी ठरवायचा असेल तर तो परतीच्या आदल्या रात्रीसाठी ठरवा.

नाही तर सरळ रेल्वेने या. सांक्ट आन्टोनचं स्टेशन गावाच्या मधोमध आहे, बारच्या रस्त्यापासून चार पावलांवर. इन्सब्रुकहून सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि आधी काढलेली सवलतीची तिकिटं बरीच स्वस्त पडतात. गावातल्या खोल्या परवडत नसतील तर अर्ध्या तासाच्या आतलं लांडेक पाहा. राहणं बरंच कमी पैशांत होतं. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सगळ्यांच्या फोनमध्ये गजर लावून ठेवा, आणि गजर गाडीच्या आधी पाऊण तासाचा असू द्या. बिल मागवून ते हातात पडायला गर्दीत वीस मिनिटं सहज जातात.